टीमच्या साइट स्क्रिप्टने उघडा, पण आधी तक्ता मांडा

एप्रिल उजाडतो, ऑफिसात नव्या टीम उभ्या राहतात आणि आयटी सांभाळणाऱ्या एकट्यादुकट्या माणसाकडे एक एक्सेल येतं. चाळीस नावं, प्रत्येकासमोर टीमप्रमुख, आणि वर निरोप : सगळ्यांना शेअरपॉइंटवर जागा करून द्या, एकाचं दुसऱ्याला दिसता कामा नये, सोमवारी सुरू करायचंय. हाताने करायला बसलात तर एका साइटला वीस मिनिटं धरा, म्हणजे चाळिसांना तेरा तासांहून जास्त. त्यातही पंचविसाव्या साइटपर्यंत डोळे जड झालेले असतात आणि कोणाला तरी भलतेच अधिकार जातात.

मग स्क्रिप्टची आठवण होते. वाचकांचा नेहमीचा प्रश्नही तोच : स्क्रिप्ट कशी लिहायची? पण प्रश्न पुरता वाचला की बहुतेक वेळा कळतं, स्क्रिप्ट अडलेली नसते. कोणी काय पाहायचं हेच कोणी ठरवलेलं नसतं. साइट उघडणं ही एका ओळीची आज्ञा आहे. परवानग्या ठरवणं हे माणसांना बसवून करायचं काम आहे, आणि ते झालं नाही तर स्क्रिप्ट तीच चूक चाळीस वेळा, अगदी बिनचूक करते.

पुढचं सगळं मायक्रोसॉफ्ट ३६५ मधल्या शेअरपॉइंट ऑनलाइनबद्दल आणि पीएनपी पॉवरशेल या मोफत मॉड्यूलबद्दल आहे. आज्ञांची नावं इथे देवनागरीत दिली आहेत. टाइप अर्थातच रोमनमध्ये करायची.

पहिला प्रश्न : सबसाइटच हवी का?

साहेबांनी 'सबसाइट' म्हटलं म्हणून सबसाइटच करायला हवी असं नाही. मायक्रोसॉफ्टचा आजचा सल्ला साइटच्या पोटात साइट न करता प्रत्येक टीमला स्वतंत्र साइट द्या आणि त्या 'हब'ला जोडा, असा आहे. त्यामागचं कारण साधं आहे. विभाग फिरले, की हबची जोडणी सोडवून दुसरीकडे लावता येते. सबसाइट मात्र एका साइटच्या पोटातून काढून दुसरीच्या पोटात सरळ ठेवता येत नाही.

तुमच्यापुढे तीन वाटा आहेत :

- सबसाइट. वरची साइट आणि खालच्या टीम एकाच विभागाच्या असतील, एकत्रच जगणार-मरणार असतील, तर चालते. एका साइटखाली २,००० सबसाइटची मर्यादा आहे, ती सहसा आड येत नाही.
- स्वतंत्र साइट आणि हब. टीममध्ये गोपनीय काही असेल तर हीच वाट धरा. हबला जोडलं म्हणून साइटच्या परवानग्या आपोआप बदलत नाहीत. फक्त वरची मेनूपट्टी, रंगरूप आणि शोध एकत्र येतो.
- टीम्समधलं प्रायव्हेट चॅनल. पाच-सात जणांना बाकीच्या टीमपासून बाजूला फायली ठेवायच्या असतील तर पुरतं. त्याची शेअरपॉइंट साइट आपोआप वेगळी तयार होते. तिच्या परवानग्या टीम्समधूनच सांभाळा, शेअरपॉइंटमध्ये जाऊन हात लावू नका.

सबसाइटची एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. वरच्या साइटचे 'साइट कलेक्शन ॲडमिन' खालच्या प्रत्येक सबसाइटमध्ये शिरू शकतात, तुम्ही तिथे काहीही कुलूप लावा. आणि मायक्रोसॉफ्ट ३६५ ग्रुपला जोडलेल्या साइटवर त्या ग्रुपचे मालक हे आपोआप असे ॲडमिन असतात. म्हणजे प्रशासन विभागाच्या साइटखाली पगारपत्रकांची सबसाइट काढलीत, तर प्रशासनाच्या ग्रुपचा प्रत्येक मालक ती उघडू शकतो. कोणतीही स्क्रिप्ट हे बदलू शकत नाही. अशा टीमला स्वतंत्र साइटच द्या.

सबसाइटचं ठरलं तरी ती काढायची सोय तुमच्याकडे चालू आहे का, ते आधी पाहा. शेअरपॉइंटच्या ॲडमिन सेंटरमध्ये सबसाइट तयार करणं बंद ठेवायची सोय आहे, आणि बऱ्याच ठिकाणी ती बंदच असते. अर्धा दिवस स्क्रिप्टमधली चूक शोधण्याआधी हे एक बटण बघा.

तुमचं शेअरपॉइंट स्वतःच्या सर्व्हरवर असेल, तर २०१६ आणि २०१९ या दोन्ही आवृत्त्यांच्या सपोर्टची मुदत १४ जुलै २०२६ अशी ठरलेली आहे. तिथे नव्या सबसाइटची माळ गुंफत बसण्यापेक्षा ऑनलाइन जाताना रचना सपाट करणं शहाणपणाचं.

तक्ता : खरं काम इथे आहे

एक्सेलमध्ये टीममागे एक ओळ घ्या. रकाने एवढे पुरेत :

- टीमचं नाव, जसं लोकांना दिसायला हवं तसं. मराठीत लिहिलंत तरी चालेल.
- पत्त्यातलं नाव. हे रोमन अक्षरांत, लहान लिपीत, मोकळी जागा न सोडता. देवनागरी ठेवलंत तर लिंक कॉपी केल्यावर प्रत्येक अक्षरचिन्हाची नऊ-नऊ अक्षरांची खिचडी होते.
- मालक : दोन जण. एकच ठेवलात तर तो रजेवर गेला की सगळे तुमच्या दारात.
- सदस्य.
- फक्त वाचणारे.
- वरच्या साइटच्या परवानग्या तशाच चालू ठेवायच्या की तोडायच्या.
- ही टीम कधी बंद होणार.

शेवटचा रकाना भरताना टीमप्रमुख गोंधळतात. भरून घ्याच.

सदस्यांच्या रकान्यात माणसांची नावं लिहू नका, ग्रुपचं नाव लिहा. एन्ट्रा आयडीमध्ये, म्हणजे २०२३ पर्यंत ज्याला ॲझ्युर ॲक्टिव्ह डिरेक्टरी म्हणत त्यात, टीमचा सिक्युरिटी ग्रुप करा आणि तो शेअरपॉइंटच्या ग्रुपमध्ये घाला. माणूस बदलला की एकाच ठिकाणी नाव निघतं. तीस माणसं थेट साइटवर टाकलीत तर पुढच्या बदल्यांच्या हंगामात कोण कुठे राहिलं हे शोधायला तुम्हालाच बसावं लागेल.

परवानगीच्या पातळीवर थोडं थांबू. शेअरपॉइंटमधले 'सदस्य' मुळात 'एडिट' पातळीवर असतात. एडिट म्हणजे फक्त फायली बदलणं नव्हे. त्यात अख्खी लिस्ट किंवा लायब्ररी तयार करणं आणि पुसून टाकणंही येतं. फायलींपुरतं काम करणाऱ्यांना 'कॉन्ट्रिब्यूट' पुरे. त्यात फाइल घालता, बदलता, पुसता येते, पण लायब्ररीला हात लावता येत नाही. माझं मत विचाराल तर दहापैकी आठ टीमना कॉन्ट्रिब्यूटच द्यावं. 'फुल कंट्रोल' मागणारे टीमप्रमुख भरपूर भेटतील. त्यांना नेमकं काय करायचं आहे ते विचारा, बहुतेकांना एक नवीन फोल्डर हवं असतं.

तक्ता तयार झाला की टीमप्रमुखांकडून मेलवर होकार घ्या. आणि जतन करताना 'सीएसव्ही यूटीएफ-८' हाच प्रकार निवडा. साधं सीएसव्ही निवडलंत तर मराठी नावांच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग येईल.

स्क्रिप्टला आत कसं घ्यायचं

जुन्या स्क्रिप्टा इथे पहिल्या पडतात. पीएनपीने सगळ्यांसाठी ठेवलेलं सामायिक ॲप ९ सप्टेंबर २०२४ रोजी काढून टाकलं. आता प्रत्येक संस्थेला एन्ट्रामध्ये स्वतःचं ॲप नोंदवावं लागतं आणि त्याचा क्लायंट आयडी 'कनेक्ट-पीएनपीऑनलाइन' या आज्ञेला द्यावा लागतो. नोंदणीला आणि संमतीला मुख्य ॲडमिन लागतो, पण एकदाच. रोज स्क्रिप्ट चालवायला तुम्ही ग्लोबल ॲडमिन असण्याची गरज नाही; त्या साइटचे ॲडमिन असलात तरी सबसाइट आणि तिच्या परवानग्यांचं काम होतं.

- समोर बसून चालवणार असाल तर स्वतःच्या खात्याने, मोबाइलवरच्या दुसऱ्या पडताळणीसह आत जा. चाळीस साइटचं काम वर्षातून दोनदा असेल तर एवढं पुरे.
- रात्री आपोआप चालवायची असेल तर ॲपला सर्टिफिकेट द्या. पासवर्ड स्क्रिप्टच्या फाइलमध्ये लिहू नका, तात्पुरताही नाही. सर्टिफिकेट संपण्याची तारीख आजच कॅलेंडरमध्ये टाका.
- ॲपला सगळ्या साइटची परवानगी देऊ नका. 'साइट्स डॉट सिलेक्टेड' या प्रकारात निवडलेल्या साइटपुरतीच परवानगी देता येते. सबसाइट त्या साइटच्या पोटातच असल्याने तेवढ्यावर भागतं. नव्या स्वतंत्र साइट उघडायच्या असतील तर मात्र भागत नाही.
- एसीएस नावाची जुनी पद्धत, क्लायंट आयडी आणि सीक्रेटवाली, वापरत असाल तर तिची मुदत २ एप्रिल २०२६. नव्याने त्या वाटेला जाऊच नका.

मॉड्यूलच्या सध्याच्या आवृत्तीला पॉवरशेल ७.४ किंवा त्यापुढची आवृत्ती लागते. विंडोजबरोबर येणारी निळ्या खिडकीची ५.१ चालत नाही.

सबसाइटच्या स्क्रिप्टच्या पायऱ्या

१. सीएसव्ही वाचा. रिकामा रकाना, दुहेरी पत्ता किंवा एन्ट्रामध्ये नसलेला ग्रुप सापडला तर तिथेच थांबा. अर्धं काम होऊन थांबण्यापेक्षा सुरूच न झालेलं बरं.

२. वरच्या साइटला जोडून घ्या आणि 'गेट-पीएनपीसबवेब'ने आधीच असलेल्या सबसाइटची यादी घ्या. पत्ता यादीत असेल तर ती ओळ सोडून पुढे जा. ही एक तपासणी असली की स्क्रिप्ट दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा बिनधास्त चालवता येते. आणि ती चालवावी लागतेच, कारण कुठेतरी नेट तुटतं.

३. 'न्यू-पीएनपीवेब'ने साइट उघडा. साचा 'एसटीएस#३' द्या, ती नव्या रूपातली टीम साइट. 'एसटीएस#०' दिलंत तर जुन्या थाटाची येते. परवानग्या तोडायच्या असतील तर 'ब्रेकइनहेरिटन्स' इथेच, साइट जन्मतानाच द्या.

४. आता नव्या सबसाइटच्या पत्त्याला पुन्हा जोडून घ्या. पुढच्या सगळ्या आज्ञा ज्या साइटला जोडलेल्या असतील तिच्यावर चालतात. ही पायरी विसरलात तर टीमच्या परवानग्या वरच्या साइटवर जाऊन बसतात. इंटरनेटवरच्या जुन्या स्क्रिप्टांमध्ये आज्ञेला '-वेब' असा जोड देऊन हे साधलेलं दिसेल. तो जोड आता काढून टाकला आहे.

५. 'न्यू-पीएनपीग्रुप'ने तीन ग्रुप करा : मालक, सदस्य, वाचक. 'सेट-पीएनपीग्रुपपरमिशन्स'ने पातळी द्या आणि 'ॲड-पीएनपीग्रुपमेंबर'ने एन्ट्राचा ग्रुप आत घाला.

६. वेळ आणि तारीख लावा. नवी साइट बऱ्याचदा अमेरिकेच्या वेळेवर उघडते. शेअरपॉइंटमध्ये भारतीय वेळेचा क्रमांक २३ आणि भारतीय इंग्रजीचा लोकेल १६३९३. हे राहिलं की ३ एप्रिलची तारीख महिना आधी, दिवस नंतर अशी छापली जाते आणि सगळे तिला ४ मार्च वाचतात. मग हिशेब विभाग तुम्हाला शोधत येतो.

७. प्रत्येक ओळीचा निकाल दुसऱ्या सीएसव्हीत लिहा : झालं, आधीच होतं, फसलं आणि का.

स्क्रिप्टला एक 'रंगीत तालीम' ठेवा. म्हणजे एक खूण अशी, की ती दिली तर स्क्रिप्ट काय करणार ते फक्त पडद्यावर लिहील, करणार काहीच नाही. आधी तालीम, मग एका खोट्या टीमवर प्रयोग, मग तीन खऱ्या टीम, मग बाकीच्या. चार खिडक्या उघडून एकदम चालवू नका. घाई केली की सर्व्हर ४२९ क्रमांकाची चूक देऊन थांबायला सांगतो, आणि मग वाचवलेला वेळ वाट बघण्यात जातो.

परवानग्यांत लोक कुठे फसतात

*तोडली म्हणजे रिकामी झाली असं नाही.* ब्राउझरमधून चालू साइटचा परवानग्यांचा वारसा तोडला, तर वरच्या साइटवर त्या क्षणी ज्यांना प्रवेश होता ते सगळे तसेच नकलून खाली येतात. स्क्रिप्टमध्ये नक्कल करायची की कोरी पाटी ठेवायची हे तुमच्या हातात असतं. काही वर्षांपूर्वी एका संस्थेत मी नक्कल करण्याची खूण काढायला विसरलो. एचआरच्या साइटवर पगारवाढीचा तक्ता होता, तो दीड दिवस सगळ्या विभागांना उघडा होता. मला ते स्टोअरमधल्या एका गृहस्थांनी सांगितलं, तेही फार सौजन्याने. तेव्हापासून स्क्रिप्ट संपली की मी आधी एचआरचं पान उघडतो.

*ग्रुप सबसाइटचा नसतो.* शेअरपॉइंटचा ग्रुप हा अख्ख्या साइट कलेक्शनचा, म्हणजे वरची साइट आणि तिच्या पोटातल्या सगळ्या सबसाइटचा मिळून असतो. खालच्या साइटवर 'सदस्य' नावाचा ग्रुप दिसला, त्यात माणूस घातला, आणि तो ग्रुप मुळात वरच्या साइटचा असेल तर तो माणूस वरही शिरला. म्हणून ग्रुपच्या नावात टीमचं नाव असलंच पाहिजे : 'खरेदी सदस्य', 'दर्जा तपासणी वाचक'. तसंही एकाच नावाचे दोन ग्रुप तिथे होऊच शकत नाहीत.

*स्क्रिप्ट चालवणारा आत राहतो.* कोरी पाटी ठेवून उघडलेल्या साइटवर ज्याच्या नावाने स्क्रिप्ट चालली त्याचं नाव थेट फुल कंट्रोलवर बसलेलं सापडतं. शेवटच्या पायरीत ते काढा, पण टीमचे मालक नीट लागलेत याची खात्री करूनच.

*साइट हिंदीत उघडली की 'एडिट' सापडत नाही.* पातळ्यांची नावं साइटच्या मूळ भाषेत तयार होतात आणि ती भाषा नंतर बदलता येत नाही. साइट इंग्रजीत उघडा, नाव मराठीत द्या.

*'बाहेरचे सोडून सगळे'.* या नावाचा तयार ग्रुप यादीत दिसतो आणि घाईत तो निवडला जातो. त्यात संस्थेतला प्रत्येक जण येतो, शिकाऊ उमेदवारासकट.

*शेअर बटण.* तुम्ही तक्ता मांडून कितीही नेटकं केलंत, तरी एका फाइलचं शेअर बटण दाबलं की त्या फाइलच्या परवानग्या वेगळ्या होऊ शकतात. एका लिस्टमध्ये अशा वेगळ्या परवानग्यांची कमाल मर्यादा ५०,००० आहे, पण मायक्रोसॉफ्टच ५,००० च्या आत राहा म्हणतं. गोपनीय साइटवर सदस्यांना पुढे शेअर करण्याची मुभा बंद ठेवा. ही खूणही स्क्रिप्टमधून लावता येते.

सगळं झालं की प्रत्येक साइटच्या परवानग्यांच्या पानावर 'चेक परमिशन्स' हे बटण आहे, त्यात दोन नावं टाकून बघा : ज्याला दिसायला हवं तो, आणि ज्याला दिसता कामा नये तो. लोक पहिलं नाव टाकतात आणि खूश होऊन उठतात.

तुमचे हक्क आणि जबाबदारी

*स्क्रिप्ट बाहेरच्या व्हेंडरकडून करून घेतली असेल तर* पैसे दिले म्हणजे ती आपली झाली, असा समज असतो. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात संगणक प्रोग्राम साहित्यकृतीत मोजला जातो. नोकरीत असताना कर्मचाऱ्याने कामाचा भाग म्हणून लिहिलेल्या प्रोग्रामचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, मालक-कंपनी असते. स्वतंत्र कंत्राटदाराने लिहिला असेल तर पहिला हक्क त्याचाच, तुम्ही लेखी हस्तांतरण घेतलं नसेल तोवर. हस्तांतरणात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं समजली जाते आणि क्षेत्र लिहिलं नसेल तर फक्त भारत. म्हणून वर्क ऑर्डरमध्ये हे लिहून घ्या :

- स्क्रिप्टचे हक्क कायमचे आणि सर्व देशांसाठी संस्थेकडे.
- मूळ फाइल, तक्त्याचा नमुना आणि चालवायची कृती ताब्यात.
- एन्ट्रामधलं ॲप तुमच्या संस्थेत नोंदवलेलं, सर्टिफिकेट तुमच्याकडे.
- काम संपल्यावर व्हेंडरचं खातं कोणत्या तारखेला बंद होणार.

*माणसांची माहिती साइटवर असेल तर* डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ लागतो. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि त्यातल्या तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होतात. माहिती सांभाळण्यासाठी वाजवी सुरक्षा न ठेवल्यास दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. पगार, आजारपणाची रजा, आधारच्या प्रती अशा गोष्टी ज्या टीमकडे आहेत त्यांची तक्त्यात वेगळी खूण करा.

*तुम्ही आयटीत असाल तर* लेखी तक्ता आणि होकार मागणं यात कसलाही उद्धटपणा नाही. 'सगळ्यांना द्या हो, बघू नंतर' असं तोंडी सांगणाऱ्याला नम्रपणे म्हणा, मेल करा, लगेच करतो. मेल सहसा येत नाही.

टीम बंद झाली की

तक्त्यातला तो शेवटचा रकाना आता उपयोगी पडतो. दर तिमाहीला छोटी स्क्रिप्ट चालवून मुदत संपलेल्या साइटची यादी काढा आणि मालकांना विचारा. पुसण्यापूर्वी महिनाभर सगळ्यांना 'रीड'वर आणा. कोणाला खरंच गरज असेल तर आरडाओरड तेवढ्यात होते. पुसलेली सबसाइट वरच्या साइटच्या रिसायकल बिनमध्ये ९३ दिवस राहते, त्यानंतर ती परत मिळत नाही. वरची साइटच पुसलीत तर तिच्याबरोबर सगळ्या सबसाइट जातात.

सबसाइट गेली तरी तिच्यासाठी केलेले तीन ग्रुप वरच्या साइटवर तसेच पडून राहतात. पुढच्या वर्षी त्याच नावाची टीम आली आणि स्क्रिप्टला 'ग्रुप आधीच आहे' असं दिसलं, तर ती मुकाट्याने जुनाच ग्रुप नव्या साइटला लावते, जुन्या माणसांसकट. पुसणाऱ्या स्क्रिप्टमध्ये ग्रुप पुसायच्या तीन ओळी आजच घालून ठेवा.